उसाच्या रसाचा फोटो

कोपरगाव
२ फेब्रुवारी २०२५

चि. संदीप,

फोनवर तू स्पीकर लावतोस आणि दुकानातली माणसं आपलं भांडण ऐकतात, म्हणून लिहिते आहे. व्हॉट्सॲप मी काढून टाकलंय. तेव्हा पत्रच.

परवा नगरला आले होते तेव्हा बाईला घेऊन, आम्ही मायलेकींनी तुमचं नवं तीर्थ बघितलं. तू म्हणाला होतास, एकदा बघून ये आणि मग बोल. बघितलं. आता बोलते.

बायपास सोडला की आधी मूर्ती दिसते आणि मग डोंगर. मांडीवर ठेवलेले हात, खांद्यावर रुळणाऱ्या जटा, मिटत आलेले डोळे. लांबून आदिनाथ भगवंतांची ती मूर्ती मला बरी वाटली, हे आधी प्रामाणिकपणे लिहून ठेवते. जवळ गेल्यावर मात्र मळमळायला लागलं आणि कोपरगावच्या बसमध्ये बसेपर्यंत ते थांबलं नाही.

प्रत्येक पायरीवर देणगीदाराचं नाव कोरलंय. चपला खाली काढायच्या आणि कुणाच्या तरी स्वर्गवासी आजोबांवर पाय देत वर चढायचं. बाई नाव वाचायची आणि बाजूला पाय टाकायला बघायची, तर बाजूला त्या आजोबांच्या पत्नीचं नाव. पाण्याच्या कूलरवर नाव, बाकांवर नावं, पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही, तेवढीच सुटका. वर मूर्तीच्या पायाशी एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. मुलीचा घागरा भगवंतांच्या अंगठ्यावर पसरला होता आणि तो नीट पसरून द्यायला तुमचाच निळ्या जाकिटातला कार्यकर्ता वाकला होता.

मग भोजनशाळा. बाईचा तो जेवणाचा दिवस होता. जेवण झाल्यावर तिनं नेहमीसारखं थाळीत पाणी घातलं, बोटानं थाळी धुतली आणि ते पाणी पिऊन टाकलं. अन्नाचा कण वाया जाऊ नये म्हणून आपल्या घरी सगळेच हे करत आलोय. समोरच्या टेबलावरच्या बायका हसल्या. एकीनं मोबाईल काढून शूटिंग केलं. बाईला ते कळलं नाही, किंवा कळलं आणि तिनं दाखवलं नाही. हात धुवायला मी मागच्या बाजूला गेले, तर उष्ट्या पुऱ्या आणि श्रीखंड उघड्या नाल्यातून डोंगराखाली चाललेलं. नाल्याच्या कडेला अळ्या वळवळत होत्या. मुंगी मरू नये म्हणून बसायची जागा झाडून घेणारे आपण लोक.

मला एवढंच सांगायचंय. अक्षय तृतीयेला बाईचं वर्षीतप पूर्ण होतंय. दहा महिने होत आले, एक दिवस जेवण आणि एक दिवस नुसतं उकळून गार केलेलं पाणी, तेही चौऱ्याहत्तराव्या वर्षी. त्याचं पारणं तिथं नको. घरी कर, नाहीतर साधू-साध्वी उतरतात त्या आपल्या स्थानकात कर. आपण स्थानकवासी, मूर्तीपुढं बसून पारणं करायची आपल्याकडं रीतही नाही. उसाचा रस लागतो, तो मी आणते. कोपरगावात उसाला तोटा नाही.

ताई

अहिल्यानगर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. ताई,
जय जिनेंद्र.

पत्र मिळालं. रुपालीनं आधी वाचलं आणि म्हणाली, ताईंना कुठंही न्या, त्या मागच्या बाजूला जाऊन येतात. खरंय ते. माझ्या लग्नात सगळे जेवणाचं कौतुक करत होते आणि तू मला बोहल्यावर येऊन सांगितलंस की मंडपामागं कुत्री पत्रावळी चाटतायत. आठवतं का?

नाल्याचं मी बन्सीशेठच्या कानावर घातलं. बन्सीशेठ म्हणजे आमच्या उत्सव समितीचे अध्यक्ष. ते म्हणाले, पाइप टाकायचा आहे, होईल. एवढ्या मोठ्या कामात मागंपुढं व्हायचंच. तू कॉलेजात शिकवतेस, तुझ्या कॉलेजच्या मुताऱ्यांचा वास मी घेतलेला आहे. म्हणून काही कॉलेज वाईट ठरत नाही.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, सरळ सांगतो. इतकी वर्षं मार्केटला दुकान, पण समाजात आपल्याला कोण ओळखत होतं? वडील गेले तेव्हा तिसऱ्याला किती माणसं होती ते तू मोजलंच असशील. आता बन्सीशेठ स्वतः फोन करतात. बाईमुळं करतात. बाईचा मोठा फोटो फ्लेक्सवर येणार आहे, खाली 'तपस्वीरत्न'. मूर्तीसमोर स्टेजवर सगळ्या तपस्व्यांचं पारणं एकत्र होईल, बाई मधल्या खुर्चीवर. मोठे पाहुणे येणार आहेत. यात तिची बेअदबी कुठं आली?

आणि तू बाईला एकदा तरी विचारलंस का तिला काय पाहिजे? तिच्या पोटची दोघंच आपण. दर वेळी तिच्या वतीनं तूच बोलतेस.

संदीप

कोपरगाव
१० मार्च २०२५

चि. संदीप,

तुझं शेवटचं वाक्य लागलं. चार दिवस डायरीत त्याच्याशी भांडले आणि मग बाईला फोन केला. विचारलं.

ती म्हणाली, "पोराला हौस हाय गं. आन् खरं सांगू का, मला बी हाय. जलमभर चुलीम्होरं बसले. एक दीस चार मानसांत बसंन."

तिला हौस असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी तिला साधी, निरिच्छ वगैरे करून ठेवलं होतं, कारण तशी आई असलेली मला आवडते. तुम्ही तिला फ्लेक्सवर लावताय, मी तिला माझ्या मनात कुठल्या तरी चौकटीत लावलं होतं. दोन्हींत फरक किती, याचा विचार करते आहे. मला किळस येते हा काही मुद्दा होत नाही, हेही मला कळतं. किळस आली की आपण स्वच्छ आहोत असं वाटायला लागतं, आणि ते फार सोयीचं असतं.

तरी सांगते, ती कमी झालेली नाही. मी येणार नाही. लोकांना सांग, पेपर तपासायचे आहेत. तुला खरं सांगते, मला ते बघवणार नाही.

दोन गोष्टी मात्र माझ्यासाठी कर. तिचं उकळलेलं पाणी घरून ने, तिथल्या कूलरचं देऊ नकोस. आणि सूर्य मावळल्यावर ती पाण्याचा थेंबही घेत नाही, हे तू जाणतोस, पण समितीला ठाऊक नसेल. उन्हं असतानाच रस तिच्या हातात पडू दे. गोष्ट तुला लहानपणी बाईनंच सांगितलीय. आदिनाथ भगवान वर्षभर उपाशी दारोदार फिरले. लोक त्यांना घोडे द्यायचे, हत्ती द्यायचे, दागिने द्यायचे. भुकेल्या माणसाला काय द्यायचं, ते कुणाला सुचत नव्हतं. त्यांच्याच एका पणतवानं ओंजळीत उसाचा रस ओतला, म्हणून ही तृतीया.

ताई

अहिल्यानगर
६ मे २०२५

ती. ताई,
जय जिनेंद्र.

लिहायला उशीर झाला, आवराआवर चालू आहे. कार्यक्रम जोरात झाला. तू यायला पाहिजे होतंस. बग्गीतून मिरवणूक, पुढं ढोलपथक. तुझी भाची संस्कृती बाईच्या शेजारी बग्गीत बसली होती. शाल, हार, चांदीचा मुलामा दिलेलं स्मृतिचिन्ह, सगळं मिळालं. माणसं एवढी की गाड्या हायवेपर्यंत. कार्यक्रम ठरल्यापेक्षा थोडा लांबला, पण पाहुणे शेवटी आले आणि सगळं पार पडलं.

तू व्हॉट्सॲपवर नाहीस म्हणून फोटो छापून पाठवतो आहे. हाच फोटो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर येणार आहे. बन्सीशेठ म्हणाले, सगळ्यांत बाईचाच फोटो बोलका आलाय.

बाई बरी आहे. थकलीय, पण एवढ्या मोठ्या तपानंतर ते आलंच.

संदीप

कोपरगाव
१२ मे २०२५

चि. संदीप,

फोटो टेबलावर ठेवून लिहिते आहे.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मी फक्त बाईकडे बघितलं. केशरी साडी, गळ्यात हार एवढे की हनुवटी वर उचललेली. ग्लास ओठांशी आहे आणि ग्लासावर हात तुझा आहे. तिचा नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर आहेत. मला वाटलं, म्हातारी थकली असेल, लेकानं पाजलं.

मग मागं बघितलं. मूर्तीवर खालून दिवे सोडलेत. भगवंतांची हनुवटी पिवळीजर्द, आणि त्यांच्या डोक्यामागं आकाश काळं. पार काळं आहे, संदीप. तो काही 'थोडा लांबला' म्हणायचा उशीर नाही.

तरीही मी मनाला समजावलं, की रस आधी दिला असेल आणि हे नंतर फोटोपुरतं असेल. परवा बाईला फोन केला. ती म्हणाली, आज उपास हाय, लई बोलवत न्हाई. आणि फोन ठेवला.

तप पूर्ण झालेल्या, पारणं झालेल्या बाईला दहा दिवसांनी उपास कसला?

मला फोन करू नकोस. फोनवर तू पटकन काहीतरी बोलशील आणि मग तेच धरून बसशील. बसून लिही. जे झालं ते.

ताई

अहिल्यानगर
२१ मे २०२५

ताई,

तीन वेळा लिहून फाडलं.

पारणं सकाळी होतं. महाराजसाहेब सकाळीच मांगलिकाचा आशीर्वाद देऊन, ऊन चढायच्या आत पारणं उरका असं सांगून पुढच्या गावाला पायी विहार करून गेले. पण पाहुण्यांचा निरोप आला, दुपारी येतो. मग निरोप आला, वाटेत आहे. तपस्व्यांना स्टेजवरून हलवायचं नाही असं ठरलं होतं, कारण एकदा उठले की परत बसवणं अवघड. वर मांडव होता, तरी झळ येत होती. ऊस समोरच होता, चरक चालू होता. रसाचे ग्लास भरून ओळीनं मांडलेले, वर जाळी. जाळीवर माशा.

काही जणांच्या घरच्यांनी आपापल्या माणसांना गुपचूप मागं नेलं आणि रस पाजून परत आणून बसवलं. बाई मला म्हणाली, मला बी ने. मी म्हणालो, मधल्या खुर्चीवर आहेस, रिकामी दिसेल. आणखी दोनदा म्हणाली. मग म्हणायची थांबली. मला वाटलं, पटलं तिला.

पाहुणे आले तेव्हा दिवे लावलेले होते. भाषण झालं. मग सगळ्यांना एकदम रस द्यायचा असं माइकवरून सांगितलं. बाई म्हणाली, "सूर्य गेला रे संदीप." मी म्हणालो, ओठाला लाव फक्त, फोटोपुरतं. तिनं ओठ मिटून घेतले. खालून कॅमेरावाला म्हणाला, माताजी, थोडं पिताना दाखवा. बन्सीशेठ माझ्याकडं बघत होते. मी ग्लास कलता केला.

तिच्या तोंडात गेलं, ताई. मी घातलं. तिनं गिळलं नाही. गाल फुगवून तसंच धरून बसली, फोटो होईपर्यंत, टाळ्या होईपर्यंत, पाहुणे उतरून जाईपर्यंत. मग मान खाली घालून सगळं पदरात सोडलं. गाडीत बसली तर साडीला माशा चिकटत होत्या आणि मी काच खाली करून त्या हाकलत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रस घेऊन तिच्यासमोर गेलो. तिनं ग्लास बाजूला ठेवला. म्हणाली, "ज्यांना ज्यांना झालं म्हनून सांगितलंस, त्यांना झालं न्हाई म्हनून सांग. मग आन." आणि रोजच्यासारखी भाकरी-भाजी जेवली, दुसऱ्या दिवशी उपास. तसंच चालू आहे. तिच्या हिशेबी वर्ष संपलेलंच नाही. रुपालीनं हात जोडले, डॉक्टर घरी आले, वजन बघून माझ्यावरच ओरडले. परवा ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी चक्कर येऊन बसली.

मी कुणाला काय सांगू? स्मरणिका छापून आलीय.

संदीप

कोपरगाव
२७ मे २०२५

संदीप,

तुझं पत्र वाचल्यावर मी मोरीवर जाऊन तोंड धुतलं. तोंडात रस असल्यासारखं वाटत होतं, गोड, आंबत चाललेला.

मला तुझी किळस आली. हे न लिहिता पुढं लिहिता येणार नाही. तुझी, त्या कॅमेरेवाल्याची, त्या पाहुण्यांची, ज्यांना एका म्हातारीचं तोंड मिटलेलं दिसलं नाही. ज्यांनी आपापली माणसं मागं नेऊन रस पाजला आणि मग पुन्हा टाळ्या वाजवायला आणून बसवली, त्यांचीही. भगवंतांच्या डोळ्यांदेखत म्हणणार होते, पण त्या मूर्तीला यात ओढायला नको. ती दगडाची आहे, तिच्यावर दिवे कुणी सोडायचे हे तिच्या हातात नाही.

बाई मागते आहे ते अवघड नाही. फक्त तुला जड जाईल. रविवारी स्थानकात प्रार्थनेनंतर सगळे बसलेले असतात. उभं राहायचं आणि सांगायचं. ते महिन्याभरात विसरतील. बाईकडे महिना आहे की नाही, ते तुझ्या डॉक्टरांना विचार.

मी येऊन तिला इकडं घेऊन जायचा विचार केला. पण मी आले की आपलं भांडण होईल आणि ते तिच्यासमोर नको. शिवाय ती इथं माझ्या हातून पारणं करणार नाही. तिनं अट तुला घातलीय.

काय ते कळव.

ताई

अहिल्यानगर
९ जून २०२५

ती. ताई,

काल सांगितलं.

गेल्या रविवारी जाऊन तसाच परत आलो होतो. बन्सीशेठ पहिल्याच ओळीत होते. काल बाईचा उपास होता. ती स्थानकात माझ्याबरोबर येते म्हणाली. जिना चढताना तिचा हात धरला तर नुसतं हाड हाताला लागलं.

प्रार्थना झाली, मी उभा राहिलो. म्हणालो, माझ्या आईचं पारणं त्या दिवशी झालं नाही. सूर्य मावळला होता. ती नको म्हणत असताना मी फोटोसाठी तिच्या तोंडात रस ओतला. तिनं तो थुंकला. तुम्हाला सगळ्यांना मी खोटं सांगितलं. मिच्छामि दुक्कडम, मला क्षमा करा.

मला वाटलं होतं, लोक ओरडतील. कुणी ओरडलं नाही, ताई. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, बसा बसा, भावना महत्त्वाची. मागून एक बाई म्हणाल्या, आमच्या सासूबाईंना तर आम्ही दुपारीच पाजलं होतं, असं चालतं. आणि दोघी-तिघी हसल्या. बाहेर चपला घालताना बन्सीशेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "संदीप, फोटो छान आलाय. आता कशाला उकरतो? पुढच्या वर्षी पाहुणे लवकर बोलवू." त्यांना मी जे बोललो त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. किंवा रोजच ऐकायची सवय होती. मला तिथंच, चपलांच्या ढिगाऱ्यात, ओकारी आल्यासारखं झालं. तुला त्या डोंगरावर काय झालं होतं ते मला काल कळलं.

समितीतून मी नाव काढून घेतलं. ते हो म्हणाले. वाद घातला नाही, दुसरा माणूस तयारच होता.

आज सकाळी स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याला उठवलं. त्याच्या चरकात आल्याचा चोथा अडकलेला असतो आणि बाईला जमिनीखालचं काही चालत नाही, म्हणून आधी चरक धुवायला लावला. तो म्हणाला, शेठ, एवढं तर माझी बायकोबी धूत न्हाई. बर्फ नको म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं. रस घरी आणून गाळला.

ऊन अंगणात आल्यावर तिची नवकारसीची, सकाळी पहिलं काही तोंडात घ्यायची, वेळ झाली. ती स्वयंपाकघरात खाली बसली. मी वाटी पुढं केली, तर तिनं वाटी घेतली नाही, ओंजळ केली. मी ओतत गेलो. हळू. थोडा तिच्या कोपरांवरून खाली सांडला. रुपाली रडत होती. संस्कृतीनं फोन बाहेर ठेवला होता, तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ओंजळ संपल्यावर बाईनं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, आशूला लिव्ह, तुझ्या ताईला. मी म्हणालो, लिहितो, पारणं झालं म्हणून. ती म्हणाली, ते तर लिव्हच, आन् म्होरलं बी लिव्ह. तिनं सांगितलं तसंच लिहितो, माझं त्यात काही नाही.

"म्हनाव, त्या दिशी तू न्हाई आलीस. तुला घान वाटली. मला काय वास येत न्हवता का? समदं दिसत हुतं मला. मी पोरासाटी बसले तिथं. मागं न्हेऊन रस पाजायला कुनीतरी पाह्यजे हुतं. ह्याच्या हातून व्हनार न्हवतं, हे तुला ठावं हुतं. तू माझ्यासाटी बसायचं."

संदीप